दोष ताटाचा की त्वचेचा?

बाळाच्या गालांवर लाल चट्टे उठले, कोपरांच्या लवणीत खाज सुटली, रात्रीची झोप उडाली, की घरात पहिला संशय खाण्यावर जातो. अंडं बंद, गाईचं दूध बंद, शेंगदाण्याचं कूट बंद. बाळ अंगावर पीत असेल तर आईलाही पथ्य. हा संशय केवळ घरगुती नाही. वैद्यकशास्त्रानेही तो दीर्घकाळ बाळगला, आणि त्याला आधारही होता.

१९१२ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ऑस्कर श्लॉस यांनी अंडं, बदाम आणि ओट यांचं वावडं असलेल्या एका मुलाच्या त्वचेवर ओरखडे काढून त्यांवर हेच पदार्थ लावले. तिथे गांधी उठल्या. १९२१ मध्ये कार्ल प्राउसनिट्झ यांनी मासे न सोसणाऱ्या हाइन्झ क्युस्टनर या सहकाऱ्याचं रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांध आली. वावड्याचं कारण रक्तात होतं. ते कारण, म्हणजे ‘आयजीई’ हे प्रतिपिंड, १९६०च्या दशकात हाती लागलं. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड ॲथर्टन आणि सहकाऱ्यांनी इसब असलेल्या मुलांचा आहार बदलून पाहिला. प्रयोग पूर्ण केलेल्या २० पैकी १४ मुलांना अंडं आणि गाईचं दूध टाळल्यावर जास्त आराम पडला.

यातून पुढचं पाऊल सोपं वाटलं: त्रास देणारे पदार्थ मुळात उशिराच द्यावेत. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत, असा सल्ला दिला.

पण ॲलर्जी काही हटेना.

२००३ साली गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांना ब्रिटनमधल्या मुलांच्या नोंदींत एक वेगळा धागा सापडला. सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं, की त्वचेचा वरचा थर घट्ट आणि ओलसर ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल, तर इसबाचा धोका बराच वाढतो. आता कोडं उलटं मांडता येऊ लागलं. आधी त्वचा फाटते, तिच्यातून घरातल्या अन्नाचे सूक्ष्म कण आत शिरतात आणि शरीर त्यांना शत्रू समजतं. तेच अन्न वेळेवर तोंडावाटे गेलं, तर शरीर ते सोसायला शिकतं.

लॅक यांच्याच गटाने २००८ साली ब्रिटन आणि इस्राएलमधली ज्यू मुलं तुलनेला घेतली. शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्राएलमध्ये ०.१७ टक्के. इस्राएलमध्ये बाळं पहिल्याच वर्षी शेंगदाण्याचा खाऊ खात होती. त्यानंतर तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला. २०१५ साली निष्कर्ष आले: सुरुवातीच्या त्वचाचाचणीत शेंगदाण्याला प्रतिक्रिया न देणाऱ्या बाळांपैकी शेंगदाणे टाळणाऱ्यांत १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. ज्यांना जपायचं म्हणून शेंगदाण्यापासून दूर ठेवलं होतं, त्यांनाच त्याची जास्त गरज होती.

मग त्वचा जपली की झालं? इतकं सरळ गणित निघालं नाही. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावल्याने इसब टळतं का, हे तपासणाऱ्या दोन मोठ्या युरोपीय प्रयोगांनी २०२० साली नकारार्थी उत्तर दिलं. इसब झाल्यावर लगेच जोमाने उपचार करण्याचा मार्ग जपानमध्ये अजमावला गेला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्टिरॉइड मलमाचे नेमाने उपचार मिळालेल्या बाळांपैकी ३१.४ टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी झाली, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४१.९ टक्क्यांना. मात्र जोमाने उपचार झालेल्या बाळांचं वजन आणि उंची किंचित कमी भरली.

या वाटचालीचा अर्थ अन्न निर्दोष आहे असा नाही. दूध किंवा अंडं पोटात जाताच ओठ सुजणाऱ्या, उलटी होणाऱ्या, श्वास लागणाऱ्या मुलाने तो पदार्थ टाळायलाच हवा. पण रक्ततपासणीत आकडा वाढलेला दिसणं म्हणजे ॲलर्जी नव्हे. बंगळुरू आणि म्हैसूरमधल्या प्रौढांच्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या रक्तात अन्नाविरुद्धचं आयजीई सापडलं. खरी ॲलर्जी एक टक्क्याच्या आसपास होती. अशा कागदावर विसंबून मुलाचं दूध, अंडी, डाळी तोडल्या, तर वाढ खुंटू शकते. शिवाय आधी पचत असलेला पदार्थ बराच काळ बंद ठेवल्यावर पुन्हा दिला, तेव्हा काही मुलांना एकाएकी तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून इसबाचा उपचार त्वचेपासून सुरू व्हावा: रोज थोडा वेळ कोमट पाण्याने आंघोळ, लगेच भरपूर मॉइश्चरायझर आणि चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं मलम. एवढं नीट करूनही इसब हटलं नाही, तरच संशयित पदार्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे थांबवून, पुन्हा देऊन पाहावा. तीव्र इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा पहिल्यांदा देतानाही आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा दाणा तर घशात अडकतो, म्हणून बाळाला कधीच देऊ नये. आणि स्टिरॉइड या शब्दाला घाबरून मलम अर्ध्यावर सोडण्यापेक्षा ते किती, कुठे आणि किती दिवस लावायचं, हे पालकांनी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.