आजार वारशाने येतो, अपराध नव्हे



योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांध माणसाविषयी प्रभूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभू दोन्ही नाकारतो. तरीही हा प्रश्न आपल्यात जिवंत आहे. सोयरीक जुळवताना तो हमखास वर येतो. कोणाच्या आज्याला वेड लागले होते, कोणाच्या चुलतीला फिट येत होती, म्हणजे त्या घराण्यालाच शाप आहे, असे आपण सहज बोलून जातो.

आनुवंशिकतेचे नियम प्रथम मांडणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू होते. मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले प्रयोग त्यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार त्याच नियमांनी चालतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक स्वतः सहसा निरोगी असतो. उलट, हाच वारसा त्याला गंभीर मलेरियापासून बऱ्याच अंशी वाचवतो. यात शाप कुठे आला?

मनाच्या आजारात तर एवढा सरळ हिशेबही नाही. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. वारशाने येतो तो कल. कल म्हणजे आजार नव्हे, आणि आजार म्हणजे पाप तर नव्हेच. पापाला जाणीव लागते, संमती लागते. संमती रक्तातून येत नाही. आदिपाप वारशाने येते ना, असे कोणी विचारील. पण तेही आपण स्वतः केलेला अपराध नव्हे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

बाळ येशूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन यांना उतारवयात मेंदूच्या आजारामुळे १८८९ मध्ये मनोरुग्णालयात ठेवावे लागले. ते तेथे तीन वर्षे होते. लोकांनी तेव्हाही मुलींनाच बोल लावला. त्याच लुई मार्टिन यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये, पत्नी झेली यांच्यासह, संतपद दिले.

मग लग्न ठरवताना सांगावे की लपवावे? संसार गंभीरपणे बिघडवू शकेल अशी गोष्ट केवळ होकार मिळवण्यासाठी कपटाने लपवली, तर धर्मसभेच्या कायद्याच्या १०९८ व्या कलमानुसार तो विवाह मुळातच अवैध ठरू शकतो. म्हणून मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा गंभीर आजार, चालू असलेले उपचार लग्नाआधी सांगितलेच पाहिजेत. चुलत्या-मामाचे दुखणे गावभर सांगण्याचे बंधन मात्र कोणावर नाही.

पण लपवणाऱ्याला दोष देऊन आपण मोकळे होत नाही. खरे सांगणाऱ्या घराचा बोभाटा होतो, धाकट्या बहिणीचेही स्थळ मोडते. खऱ्याची एवढी किंमत आपणच वसूल करतो, मग लोक लपवणार नाहीत तर काय करतील? तेव्हा ऐकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. ऐकलेले पोटात ठेवावे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, प्रार्थना करावी आणि मग निर्णय घ्यावा. नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. घराण्याला नावे ठेवण्याचा कोणालाही नाही.

प्रभू आपल्या सर्व घराण्यांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू