अपात्र मरण आणि आपलं हसू

'एखादी चांगली डार्क कॉमेडी सुचव' असं कुणी म्हटलं की यादी तयारच असते. कुब्रिकचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह', कोएन बंधूंचा 'फार्गो', आपल्याकडचा 'जाने भी दो यारो'. यादीला माझी हरकत नाही, मीही अशा याद्या करतो. पण या जातीचा सिनेमा सुचवणं म्हणजे मिसळीचं ठिकाण सुचवणं नव्हे. आपण समोरच्याला सांगत असतो, की इथे एक माणूस मरतो आणि तू खुशाल हस, त्यात काही वावगं नाही. ही मुभा देणारे आपण कोण?

यावर एक ठरलेलं उत्तर आहे: हसावं ते वरच्यावर, खालच्यावर नाही. सत्ताधाऱ्यावर हसा, पिचलेल्यावर हसू नका. नियम चांगला आहे आणि व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या विनोदांना तो पुरेसा आहे. चांगल्या सिनेमापुढे मात्र तो लगेच अडखळतो.

अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' (२०१०) घ्या. कर्ज फिटत नाही म्हणून नत्था आणि बुधिया या दोन भावांची जमीन लिलावात जाणार आहे. गावातला एक पुढारी थट्टेत सांगतो, की आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार पैसे देतं. मग दोघा भावांत 'मी मरतो', 'नाही, मी मरतो' असा आग्रह सुरू होतो. त्यात थोरला बुधिया मोठ्या सफाईनं ते काम धाकट्या नत्थाच्या गळ्यात घालतो. या प्रसंगाला थिएटर हसतं. ते कोणावर हसतं? सरकारवर नाही, बँकेवरही नाही. ते दोन भुकेल्या माणसांवर हसतं, त्यातल्या एकाच्या भाबडेपणावर आणि दुसऱ्याच्या लबाडीवर. नियम इथेच मोडला.

चित्रपट आला तेव्हा विदर्भातून त्याला विरोध झाला, बंदीची मागणीही झाली. शेतकरी पैशासाठी जीव देतात असं चित्र यातून उभं राहतं, असा आक्षेप होता. शहरात बसून या आक्षेपाला 'विनोद कळत नाही' म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण 'एक लाखासाठी मरतात हो' हे वाक्य आपल्याकडे खरोखर बोललं जातं. ते बोलणाऱ्याच्या हातात असा सिनेमा आयता पडू शकतो, त्यामुळे आक्षेप खोटा नाही.

या एक लाखाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चित्रपटातली सगळ्यात काळी गोष्ट लेखकानं कल्पनेतून काढलेली नाही. महाराष्ट्रात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, ते थकलं होतं का, तगादा होता का, हे जिल्ह्याची समिती बघते. निकषात न बसणारं प्रकरण 'अपात्र' ठरतं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज असेल, सातबारा बापाच्या नावावर असेल, तर मरण अपात्र ठरू शकतं. 'अपात्र आत्महत्या' हा शब्दप्रयोग मोठमोठ्या विनोदी लेखकाला सुचला नसता. तो फायलीत टाइप करताना कुणी हसतही नाही. नेमकी हीच गंभीर भाषा 'पीपली लाइव्ह' मोठ्यानं वाचून दाखवतो. सरकारी अधिकारी जिवंत नत्थाला 'लाल बहादूर' नावाचा हँडपंप देऊन जातो. तो बसवायला पैसे नसतात, पंप दारात पडून राहतो. शेवटी आगीत मेलेल्या पत्रकाराचा मृतदेह नत्थाचा समजला जातो, आणि मृत्यू अपघाती ठरल्यामुळे घरच्यांना काहीच मिळत नाही. म्हणजे अपात्र.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या एका मित्राच्या काकांची फाइल अशीच परत आली होती. जमीन आजोबांच्या नावावर होती. हा चित्रपट आम्ही नागपूरला एकत्र पाहिला. इंटरव्हलला तो काही बोलला नाही. चहा पिताना नंतर म्हणाला, "हँडपंपावर मी बी हसलो ना बे. लोकं नत्थावर हसत होते तवा मले कसंतरी झालं. पण तो होरी मेला तवा कोणी हसलं नाही, पाह्यलं का तू?"

होरी महतो हे त्या चित्रपटातलं अगदी छोटं पात्र. हाडांचा सापळा झालेला एक म्हातारा दिवसभर माती खणतो आणि ती विकून पोट भरतो. जमीन आधीच गेलेली आहे. नत्थाच्या दारात वाहिन्यांच्या गाड्या उभ्या असतात, त्याच्या शौचाचीसुद्धा बातमी होते, आणि तिकडे होरी आपल्याच खणलेल्या खड्ड्यात गुपचूप मरून पडतो. नाव प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या होरीचं. त्या दृश्यात विनोद नाही, पार्श्वभूमीला टिंगल नाही. राकेश नावाचा गावाकडचा पत्रकार मोठ्या वाहिनीच्या बाईंना होरीबद्दल विचारतो. बाईंना बातमी नत्थाची हवी असते.

मित्राचं बोट बरोबर जागी पडलं होतं. चांगल्या डार्क कॉमेडीत एक जागा अशी असते जिथे दिग्दर्शक हसू देत नाही. त्या जागेवरून मागे वळून पाहिलं की आधीचं हसणं कशासाठी होतं ते कळतं. 'मरणावर हसावं का' हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. या सिनेमाला न हसण्याची जागा माहीत आहे का, हे मला आधी पाहावंसं वाटतं.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये ही जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. शाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे मॅनहोलमधल्या कामगारानं आत्महत्या केली, असा खटला चालतो. खटला इतका मूर्ख आहे की हसू येतंच. स्लीव्हलेस घातलेल्या बाईचं प्रकरण ऐकायला न्यायाधीश नकार देतात, तेव्हाही येतं. मग मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. गटारात उतरण्याआधी तो खडा टाकून झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. आली तर आत हवा आहे, असा हिशोब. ती हे रेशनच्या रांगेबद्दल बोलावं तसं सांगते. कॅमेरा हलत नाही आणि आपल्याला हसायला वावच उरत नाही.

उलट बाजूही आहे. चार्ली चॅप्लिननं १९४० मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर' काढला. पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात त्यानं लिहिलं, की छळछावण्यांतलं खरं भीषण रूप तेव्हा माहीत असतं तर हा चित्रपट मला करता आला नसता. हे वाचून काही जण म्हणतात, पाहा, हसू अज्ञानातूनच येतं. मला तसं वाटत नाही. यवतमाळच्या त्या पोराला सगळं माहीत होतं आणि तरी तो हँडपंपावर हसला. बहुधा माहीत होतं म्हणूनच हसला.

'जाने भी दो यारो'च्या (१९८३) बाबतीत मात्र माझी कसोटी थोडी डळमळते. कमिशनर डिमेलोच्या प्रेताला तिथे कुणीच माणूस मानत नाही. दारू प्यालेला आहुजा त्याच्याशी गप्पा मारतो, महाभारताच्या नाटकात ते द्रौपदी होतं, आणि मी ते कितीही वेळा पाहिलं तरी पोट धरून हसतो. डिमेलो भ्रष्ट होता हे खरं. पण कोसळलेल्या पुलाखाली आलेल्या माणसांचं काय? त्यांच्यापाशी चित्रपट फारसा थांबत नाही. हसू थांबतं ते अगदी शेवटी. कैद्यांच्या कपड्यांतले दोन निरपराध फोटोग्राफर रस्त्यावरून चालत येतात, कॅमेऱ्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात आणि मागे 'हम होंगे कामयाब' चालू असतं. तेवढं पुरेसं आहे का? चित्रपट म्हणून आहे. पुलाखालच्यांसाठी आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि 'फँड्री' (२०१३). त्याला कुणी डार्क कॉमेडी म्हणत नाही, मला म्हणावंसं वाटतं. डुकराच्या मागे धावणारं कुटुंब, शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी ताठ उभं राहिलेलं. डुकराला मात्र राष्ट्रगीताशी देणंघेणं नाही. आपण हसतो. भोवती तमाशा बघत बसलेलं गावही हसत असतं. पाच-दहा मिनिटांनी जब्याचा दगड पडद्यातून थेट आपल्याकडे येतो, तेव्हा गावात आणि आपल्यात काही अंतर होतं का, असा प्रश्न पडतो. नागराज मंजुळेंनी न हसण्याची जागा पडद्यावर ठेवलीच नाही, ती आपल्या खुर्चीत ठेवली.

तर यादी. 'जाने भी दो यारो' घरच्या सगळ्यांबरोबर बघा, पोरांनाही बसवा. 'कोर्ट' रात्री, फोन बाजूला ठेवून; पहिली वीस मिनिटं धीर धरा. 'फँड्री' पूर्वी पाहिला असेल तर राष्ट्रगीताच्या त्या दृश्यासाठी पुन्हा. 'पीपली लाइव्ह' मी अजूनही सुचवतो, मात्र समोरच्याचं गाव कुठलं ते आधी विचारून घेतो. त्या मित्रानं तो नंतर आपल्या आईला दाखवला. तिला वाहिन्यांची धांदल फारशी कळली नाही. तिनं एवढंच विचारलं, की त्या मातीवाल्या म्हाताऱ्याच्या घरच्यांना काही मिळालं का.