न वाजवलेली तार

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १६



सतराव्या अध्यायात भगवंत तीन तपं सांगतात. शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. मौन यातल्या कशात येईल? आपण म्हणू, वाणीच्या तपात. पण तिथे कसं बोलावं ते आहे : खरं, प्रिय, हिताचं, कुणाला न टोचणारं. मौन येतं पुढच्या श्लोकात, मनाच्या तपात. प्रसन्नता, सौम्यता, संयम आणि भावशुद्धी यांच्या पंगतीत.

असं का? मला हे लाखनीत, बेस गिटार मांडीवर असताना कळलं.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे दिवस होते. तीन महिन्यांपूर्वी शिकायला घेतलेला बेस घेऊन मी गावच्या भजनात बसलो. सूर चुकत नव्हते, तरी सगळं नुसतं घुमत होतं. खंजिरीचा ठोका त्यात बुडून जात होता. भजन संपल्यावर खंजिरीवाले काकाजी म्हणाले, "तू वाजवतो ते बरोबर आहे रे पोरा. पण जे नाही वाजवत, तेही वाजून राहिलं ना!"

अगदी खरं होतं. बेसच्या ए तारेवर सातव्या फ्रेटला वाजवलं की ८२ हर्ट्‌झचा सूर निघतो. शेजारची ई तार ४१ हर्ट्‌झची, म्हणजे बरोबर निम्मी. तिला हातही लावला नाही तरी ती आपोआप थरथरते. म्हणून बेस शिकताना आधी म्यूट करायला शिकायचं असतं. ए वाजवताना उजवा अंगठा ई वर टेकलेला, आणि डावी तर्जनी खालच्या बारीक तारांवर आडवी, हलकी. तबल्यात खुला 'गे' असतो तसा बंद 'के'ही असतो, तेच हे.

आणि मला घरातलं आठवलं. बाबांनी मला न विचारता धानाची एक बांधी विकली होती. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. मनात म्हणत होतो, भांडलो तर नाही, मौन पाळलं. कसलं मौन! बाबा आईला नुसतं "चहा ठेव" म्हणाले तरी माझ्या आतली तार घुमायची. तोंड बंद होतं, राग मोकळा होता. म्हणून भगवंतांनी मौन मनाकडे सोपवलं असावं.

मग ती तार बंद कशी करायची? इथे दोन चुका होतात, माझ्या दोन्ही झाल्या. पहिली, जोरात दाबणं. तार फ्रेटला टेकली की गप्प होत नाही, दुसराच सूर देते. दाबलेला राग असाच टोमणा होऊन बाहेर येतो. दुसरी, एकाच बोटाने स्पर्श करणं. पाचव्या, सातव्या, बाराव्या फ्रेटवर एकच बोट हलकं ठेवलं तर तार घंटीसारखी किणकिणते. "बघा, मी किती शांत आहे" हा अहंकार म्हणजे तीच घंटी. म्हणून दोन बोटं ठेवायची, हलकी. माझं एक बोट संयमाचं होतं, दुसरं भावशुद्धीचं हवं होतं : समोरच्याचं भलं होवो, ही इच्छा.

त्या रात्री बाबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, "बाबा, बांधी काऊन विकली?" कर्ज होतं. माझ्याच शिक्षणाचं. मला सांगितलं नव्हतं, इतकंच. म्हणजे त्यांचंही एक मौन चालू होतं, आणि ते माझ्या मौनापेक्षा फार स्वच्छ होतं.

बांधी गेली ती गेलीच. तार अजूनही कधीकधी थरथरते. मग हलका हात ठेवतो.

११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. गुरुकुंज मोझरीत दर पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो लोक स्तब्ध उभे राहतात. खंजिरीने गावं जागवणाऱ्या संताला त्याची माणसं मौन वाहतात.

आजचा अभ्यास : जपाला बसण्याआधी एक मिनिट शोधा, आपण न वाजवताही कोणती तार वाजतेय? तिच्यावर दोन बोटं ठेवा. आणि ती एखाद्या माणसाच्या नावाची असेल, तर जपानंतर त्याला फोन करा.

जय गुरुदेव!