कच्चे मडके

ज्येष्ठ महिना वारकऱ्याच्या घरी दुहेरी लगबगीचा. एकीकडे पडशी, पताका, टाळ यांची जुळवाजुळव आणि दुसरीकडे मुलाच्या कॉलेजाची प्रवेशयादी. यादीत नाव लागले तर पेढे. न लागले तर त्या घरात सुतक पडल्यासारखे होते.

माधवनगरला सप्ताहाच्या निमित्ताने आमचा मुक्काम होता. कीर्तन आटोपल्यावर यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ बुक्का लावून घेऊनही पुढून हलेनात. म्हणाले, "महाराज, पोराचं नाव एकाबी यादीत नाही. बारावीला पंचावन्न टक्के. दोन दिस झालं जेवला नाही. एक जण म्हणतोय, दोन लाख भरा, शीट मिळवून देतो. रान गहाण टाकू का?" आम्ही तेथल्या तेथे 'नको' म्हणालो. तसे का म्हणालो, ते येथे लिहितो. कारण हाच प्रश्न यंदा पुष्कळ माउलींच्या घरी आला असेल.

तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमल्याची कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. काकांनी थापटणे घेतले आणि एकेका संताच्या मस्तकावर मारून पाहिले. सगळे शांत राहिले, नामदेवराय तेवढे रागावले. निकाल लागला, हे मडके कच्चे! ज्याच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलत असे, तो भरसभेत नापास झाला. कीर्तनात येथे हशा पिकतो आणि आमच्यासारखे लोक लगेच अहंकारावर बोलू लागतात. परंतु श्रोतेहो, काका काय म्हणाले ते नीट ऐका. कुंभाराच्या बोलीत 'कच्चे' म्हणजे 'फुटके' नव्हे. फुटके उकिरड्यावर जाते, कच्चे आव्यात जाते. ज्याने आयुष्यभर माती तुडवली त्याला हा भेद ठाऊक होता. आपण मात्र मुलाच्या गुणपत्रिकेवर कच्चे लिहिलेले असते आणि फुटके म्हणून वाचतो.

पुढे नामदेव रडत पंढरीला आले. देवाने त्यांना 'तू पक्काच आहेस' असे खोटे सांगून गोंजारले नाही, की तेरढोकीला जाऊन निकाल फिरवून आणला नाही. देवाने पत्ता दिला: विसोबा खेचरांकडे जा. आणि ते गुरू कसे दिसले? शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला एक गलिच्छ म्हातारा! नामदेवांनी तर नाकच मुरडले असेल. पण पक्के झाले ते त्याच पायांशी. पुढे हेच नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात मानाने बसली. म्हणून मुलाला ज्या साध्या कॉलेजात जागा मिळते आहे, त्याची इमारत पाहून नाक मुरडू नये. तेथे शिकवतो कोण, हे विचारावे.

'नशिबातच नाही' असे कोणी म्हणतात. बाबांनो, शास्त्राने कर्माचे तीन भाग सांगितले आहेत, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. लागलेला निकाल प्रारब्धात टाका हवा तर. उद्या भरायचा अर्ज क्रियमाणात येतो. तो भरायचा राहिला तर दोष कपाळाला कशाला?

आता आपल्याच भागातले उदाहरण. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जन्म १८८७ चा. त्यांच्या पदरी मॅट्रिकची परीक्षासुद्धा पडली नाही. पुढे त्यांनी कारखान्यांचा माल विकत फिरतीची नोकरी केली. अशा माणसाने १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह निघाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वतः रांधत आणि शेतात राबून शिकत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. (आम्ही लक्ष्मीबाईंचे नाव कीर्तनात भाऊरावांच्या आधी घेतो, कोणाला आवडो न आवडो.) १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघाले. या कराडच्या कॉलेजाला नाव दिले गाडगे महाराजांचे! भांडी मोडा, हातावर भाकरी खा, पण पोराला शिकवा, असा महाराजांच्या कीर्तनाचा आशय असे. आणि मॅट्रिक न झालेल्या भाऊरावांना १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन गौरविले.

कच्ची मडकी घेणारे आवे आजही आहेत. पहिली चौकशी एवढीच करावी की कॉलेज अनुदानित आहे की विनाअनुदानित. अनुदानित तुकडीच्या शिक्षकांचे पगार सरकार देते, म्हणून तिथली फी गरिबाला झेपते. एकाच आवारात दोन्ही प्रकारच्या तुकड्या असतात, तेव्हा विचारल्यावाचून पैसे भरू नयेत. दहावीला गुण बेताचे असतील तर सरकारी आयटीआय आहे. दोन वर्षांचा ट्रेड पुरा करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता खुला असतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा. रस्ता लांबचा खरा, पण पंढरीची वाट तरी कुठे जवळची आहे? सरकारी तंत्रनिकेतन मिरजेलाच आहे. घरचा भार उचलून शिकणाऱ्यास १९८९ साली निघालेले नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात कमवा व शिका योजना चालते.

आता त्या दोन लाखांविषयी. आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना सरकारची फीसवलत आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पात्र मुलींना तर संपूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पण ती मिळते सरकारी प्रवेशफेरीतून आलेल्यास. व्यवस्थापनाच्या कोट्यातून पैसे भरून घुसलेल्यास ती मिळत नाही. म्हणजे रानही गेले आणि सवलतही गेली! मुलीला कमी गुण पडले म्हणून लग्न उरकून टाकणाऱ्या बापांनीही हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

त्या गृहस्थांना आम्ही आणखी एक सांगितले: आज रात्री टक्क्यांची गोष्ट काढू नका, शेजारच्या पोराचे नाव घेऊ नका, त्याच्या ताटाशेजारी आपले ताट घेऊन बसा आणि त्याला एकटा निजू देऊ नका. अशा दिवसांत मुले जिवाचे बरेवाईट करून घेतात, हे आपण पाहतो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलची वाट धरावी. त्याला दिवस लागतात. पुष्कळ माउली विचारतात, अशा मुलाला यंदा वारीला न्यावे काय? अवश्य न्यावे, मात्र पुढच्या फेरीची तारीख पाहून. अर्ज राहिला असेल तर बापाने दिंडीबरोबर पुढे चालावे आणि मुलाने अर्ज भरून, पावती खिशात घालून, फलटणच्या तळावर यावे.