गळ, ऋतू आणि धर्म

बीदर आणि कलबुर्गी (जुने गुलबर्गा) या जिल्ह्यांतली मासेमारी पावसाच्या मागे मागे चालते. मांजरा, भीमा, त्यांच्या उपनद्या, कारंजा, अमरजा, बेन्नेतोरा ही धरणे आणि गावोगावची तळी यांत मासा केव्हा, कुठे आणि कशाने सापडेल हे ऋतू ठरवतो. ते ओळखणे हे मच्छीमाराचे कसब. धर्माचा प्रश्न या कसबातूनच निर्माण होतो, कारण मासा सहज हाती लागण्याची वेळ ही पुष्कळदा त्याच्या अगतिकतेची वेळ असते. मासा मारावा की नाही यावर भारतीय परंपरेत एकमत कधीच झाले नाही. मात्र तो कधी मारू नये, या प्रश्नाला एरवी एकमेकींशी न पटणाऱ्या परंपरांनीही जवळजवळची उत्तरे दिली आहेत. त्यांपैकी बऱ्याच परंपरांच्या खुणा या दोन जिल्ह्यांच्या मातीत सापडतात.

मृग नक्षत्र लागून ओढ्यांना पहिले गढूळ पाणी आले की रोहू, मृगळ, कटला यांसारखे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. पोटात गाभोळी भरलेली असते आणि अंडी घालण्यासाठी त्यांना पुराचे उथळ, वाहते पाणी हवे असते. हेच चढणीचे मासे. या दिवसांत सांडव्याखाली किंवा ओढ्याच्या अरुंद जागी फेकजाळे टाकले तरी ते भरते. आमिषाची गरजच उरत नाही. हिवाळ्यात पाणी गार पडते, माशाची भूक मंदावते आणि तो खोल पाण्यात बसून राहतो. तेव्हा उन्हे वर आल्यावर गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन्‌तास धीर धरावा लागतो. उन्हाळ्यात तळी आटतात, मासे उरल्यासुरल्या डोहात दाटी करतात आणि पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी झाला की वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. त्या वेळी ते हातानेही धरता येतात. वर्षाच्या तीन ऋतूंपैकी माणसाला माशाशी खरी झुंज द्यावी लागते ती फक्त हिवाळ्यात.

मरळ या माशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो शिकारी मासा. बेडूक आणि लहान मासे हे त्याचे खाणे. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतला प्राणवायू घेण्याची सोय असल्याने तो अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो आणि चिखल उरलेल्या तळ्यातही तग धरतो. विणीच्या काळात नर-मादी पाणवनस्पतींत थोडी जागा मोकळी करतात. तरंगती अंडी आणि नंतर पिल्ले यांची राखण आईबाप करतात. पिल्ले तांबूस-नारिंगी असतात आणि दाट थव्याने फिरतात. हवा घ्यायला ती एकदम वर आली की तेवढ्याच जागी पाणी उकळी फुटल्यासारखे दिसते. थव्याच्या खाली मोठा मासा असतो. गळवाल्याला ही खूण पुरेशी असते. थव्याच्या मधोमध बेडूक फेकला की खालचा मरळ झडप घालतो. त्याला त्या क्षणी भूक नसते. तो पिल्लांवर आलेले संकट परतवत असतो. तो बाहेर काढला गेला की थवा उघडा पडतो आणि दुसरे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

उत्तर अमेरिकेतल्या तलावांत गळाने धरल्या जाणाऱ्या मोठ्या तोंडाच्या बास माशाच्या बाबतीतही हाच पेच आहे. वसंतात पाणी कोमट होऊ लागले की नर काठालगत तळाशी घरटे करतो आणि अंडी-पिल्लांची एकटा राखण करतो. घरट्यावर टाकलेल्या आमिषावर तो तुटून पडतो. नर उचलला गेला की छोटे मासे अंडी खाऊन टाकतात. म्हणूनच कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या मोठ्या भागात बासची मासेमारी जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद ठेवली जाते. भुकेला आमिष दाखवणे ही एक गोष्ट आणि अपत्यरक्षणाच्या ओढीला आमिष दाखवणे ही दुसरी. दोन्हींत मासा मरतो, पण दुसऱ्या कृतीत माणूस प्राण्याच्या सर्वांत निःस्वार्थ वागण्याचाच सापळा करतो. या दोहोंत धर्मदृष्ट्या फरक आहे का, हा खरा प्रश्न आहे.

भारतीय महाकाव्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले आहे. रामायणाची जन्मकथा क्रौंचवधाची आहे. निषाद पक्षी मारतो हा त्याचा रोजचा व्यवसाय. वाल्मीकींचा शोक आणि शाप उसळतो तो जोडीने रमलेल्या पक्ष्यांपैकी एकाला मारल्यामुळे. महाभारताच्या आदिपर्वात हरिणरूपात मीलन करत असलेल्या किंदम ऋषींना पंडूचा बाण लागतो. मृगया हा राजांचा आचार आहे हे किंदम मान्य करतात आणि हरीण मारल्याबद्दल दोष देत नाहीत. त्यांचा आक्षेप एवढाच की राजाने मीलन संपेपर्यंत थांबायला हवे होते. मारण्याची परवानगी आणि मारण्याची वेळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे तत्त्व इथे निःसंदिग्धपणे मांडलेले आहे.

राजाज्ञेच्या भाषेत हेच तत्त्व सम्राट अशोकाने मांडले. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर त्याने कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासीच्या (चार-चार महिन्यांच्या ऋतूंच्या) तीन आणि तिष्य नक्षत्राची एक अशा चार पौर्णिमांना, प्रत्येकी चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा असे तीन दिवस, तसेच उपोसथाच्या (बौद्ध उपवासाच्या) दिवशी मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई आहे. त्याच लेखात गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्ले यांना अभय दिले आहे. अशोकाने मासेमारी सरसकट बंद केली नाही; तिला दिवसांची मर्यादा घातली आणि पिल्लांच्या आईला वेगळे संरक्षण दिले. हा स्तंभलेख उत्तरेतला असला तरी अशोकाची वाणी भीमेच्या काठीही पोचली होती. कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नती येथे चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात त्याचे शिलालेख सापडले. त्यांत परधर्माचा आदर करण्यास सांगणारा बारावा लेख आहे. जवळच्या कनगनहळ्ळीच्या स्तूपावर राणीसह अशोकाची शिल्पाकृती असून तिच्यावर 'राया असोको' ही अक्षरे आहेत.

जैन विचार याहून कठोर आहे. भीमेला मिळणाऱ्या कागिणा नदीच्या काठचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात सम्राट अमोघवर्ष आणि आचार्य जिनसेन यांच्या काळात ते जैन विद्येचे मोठे केंद्र होते. जैन आचार्य हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानतात. स्वयंपाक, शेती किंवा स्वसंरक्षण यांत घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही; ठरवून जीव घेणे ही संकल्पी हिंसा मात्र त्यालाही वर्ज्य आहे. गळ टाकण्याचा हेतूच मासा धरणे हा असल्याने या विचारात ऋतूची सवलत बसत नाही.

तरीही मच्छीमाराला दार बंद केलेले नाही. मृगसेन धीवराची कथा जैन वाङ्मयात प्रसिद्ध आहे, सोमदेव सूरींच्या 'यशस्तिलक' (इ.स. ९५९) या चंपूतही ती येते. मुनींनी मृगसेनाला मासेमारी सोडायला न सांगता जाळ्यात येणारा पहिला जीव सोडून देण्याचे व्रत दिले. पहिल्याच खेपेला आलेल्या माशाला खूण बांधून त्याने पाण्यात सोडले. त्या दिवशी पुन्हा पुन्हा तोच मासा जाळ्यात आला आणि दर वेळी मृगसेनाने तो सोडला; शेवटी तो रिकाम्या हाती घरी गेला. उपजीविकेच्या आतही संयमाला जागा असते आणि त्या संयमाची किंमत मोजावी लागते, हे ही कथा सांगते.

बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे पूर्वीचे कल्याण, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत कोशग्रंथ पूर्ण केला. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी पद्यामुळे ठाऊक असतो. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासा धरण्याची रीत त्यात दिली आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५० मध्ये अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखावर आणि १९५१ मध्ये या प्रकरणावर शोधनिबंध लिहून दोन्हींचे मोल मत्स्यशास्त्रज्ञांपुढे आणले. प्रकरणाच्या नावातच त्याची भूमिका आहे. राजासाठी मासेमारी हा विनोद, म्हणजे मन रमवण्याचा प्रकार होता; पोटाचा प्रश्न तिथे नव्हता.

त्याच नगरात पुढच्या काही दशकांत बसवण्णा आणि त्यांच्यासोबतच्या शिवभक्त शरणांची चळवळ उभी राहिली. बसवण्णांनी सर्व प्राणिमात्रांविषयीची दया हा धर्माचा पाया मानला आणि प्रामाणिक श्रमाला, कायकाला, पूजेचा मान दिला. शरणांमध्ये अंबिगर चौडय्या हे नावाडी होते. नदीकाठचे अंबिग, कब्बलिग आणि कोळी समाज त्यांना आपले मानतात आणि कर्नाटकात २१ जानेवारीला त्यांची जयंती साजरी होते. दया आणि कायक ही दोन तत्त्वे मच्छीमाराच्या बाबतीत समोरासमोर येतात. या चळवळीतून आलेल्या लिंगायत आचाराने शाकाहार स्वीकारून दयेच्या बाजूने निर्णय दिला. पण ज्यांचे कायकच नदीवर आहे, त्यांना हीन लेखण्याचा अधिकार त्या निर्णयातून कुणाला मिळत नाही. श्रमाच्या प्रतिष्ठेचे तत्त्वही शरणांचेच आहे.

महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याध याच पेचावर बोलतो. मिथिलेचा हा मांसविक्रेता स्वतः प्राणी मारत नाही, पण धंदा सोडत नाही. नांगर चालवतानाही जीव मरतात, पाणी आणि हवा जीवांनी भरलेली आहे, म्हणून पूर्ण अहिंसक कुणीच नाही, असे तो कौशिक ब्राह्मणाला समजावतो. कलबुर्गीला ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्याभोवती रुजलेल्या इस्लामी परंपरेतही मासा खाणे वैध आहे आणि तो जबह (विधिपूर्वक कापणे) करावा लागत नाही. हजच्या एहराममध्ये (यात्रेकरूच्या व्रतस्थ अवस्थेत) जमिनीवरची शिकार निषिद्ध होते, पाण्यातली चालते. मात्र कारण नसताना जीव घेण्याचा निषेध हदीसमध्ये आहे. धर्मव्याध आणि हा निषेध एकत्र वाचले की पोटासाठी केलेली मासेमारी आणि करमणुकीसाठी केलेली मासेमारी यांतली रेषा ठळक होते.

चातुर्मासात सामिष वर्ज्य करण्याचा आचार या चर्चेत नेहमी पुढे केला जातो. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचा हा काळ माशांच्या विणीशी बऱ्याच अंशी जुळतो, म्हणून पूर्वजांनी मत्स्यरक्षणासाठीच तो नेमला असे सांगितले जाते. पण व्रताचा मूळ उद्देश तप आणि इंद्रियसंयम हा होता. जैन आणि बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासामागे उगवत्या गवतातले जीव पायदळी तुडवू नयेत हाही विचार होता. माशांना अभय हे त्याचे फळ आहे. शिवाय ते अपुरे आहे. चढणीचे मासे ज्येष्ठ-आषाढात निघतात, आणि श्रावण पाळणाऱ्या अनेक घरांत आखाडाचा शेवट सामिष जेवणाने होतो. ताट बंद होते तेव्हा चढण बरीचशी उरकलेली असते. व्रताचा भाव जपायचा असेल तर ते पंचांगाइतकेच पाण्याकडे पाहूनही पाळायला हवे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी आहे तीही विणीचा काळ राखण्याच्या विचाराने.

धरून सोडून देण्याची आधुनिक पद्धत हा प्रश्न सोडवते असे वाटते, पण पूर्ण सोडवत नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदनेला प्रतिसाद देणारे मज्जातंतू दाखवून दिले. सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरण्याला स्वित्झर्लंडच्या कायद्याने मनाई केली आहे. मृगसेनाचे सोडणे हा त्याग होता; करमणुकीसाठी टोचून मग सोडणे हा त्याग ठरत नाही. राखणदार मरळाच्या बाबतीत तर तो थोडा वेळ जरी दूर राहिला, तरी तेवढ्यात पिल्ले खाल्ली जातात.

या सर्व मतांतून एक व्यवहार्य निवाडा निघतो. तलावात सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली माणसानेच वाढवलेली असते आणि साचलेल्या पाण्यात ते मासे सहसा वीत नाहीत. त्यांची काढणी हा उपजीविकेचा सरळ व्यवहार आहे. मेपर्यंत हमखास कोरड्या पडणाऱ्या तळ्यातला मासा तसाही मरणार असतो, तो धरण्यात दोष थोडा. बारमाही डोहातला मासा मात्र पुढच्या पिढीचे बियाणे आहे. महाडजवळच्या वाळणकोंडीत किंवा शृंगेरीला तुंगेच्या घाटावर श्रद्धेने मासे राखले जातात. तसा एखादा डोह मांजरा आणि भीमेच्या काठच्या प्रत्येक गावाला राखता येईल. शाकाहारी माणसाने मच्छीमाराला पापी ठरवू नये आणि मच्छीमाराने सगळेच दिवस आपले मानू नयेत. गाभोळी घेऊन चढणीला लागलेला मासा आणि पिल्लांवर राहिलेला मरळ या दोघांवर जाळे किंवा गळ टाकणे अधर्म आहे, मग टाकणारा पोटासाठी टाको की हौसेसाठी. पोटासाठी मासा धरणाऱ्याला उरलेले वर्ष मोकळे आहे.