उतारशाळा आणि शाळा

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय 2



नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून व शाळांतून लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचिला जातो. परंतु तो वाचताना आपणांस एक सवय जडली आहे. मेंढपाळ देवाचे स्तवन करीत आपल्या कळपांकडे परतले, त्या विसाव्या वचनापाशी आपण पुस्तक मिटितो. अध्याय तर बावन्न वचनांचा आहे. उरलेली बत्तीस वचने वर्षानुवर्षे तशीच उरतात. त्यांत काय आहे बरे? त्यांत मंदिरात बाळाचे समर्पण करावयास आलेली गरीब आईबापे आहेत, वाट पाहून थकलेला शिमोन आहे, चौऱ्यांशी वर्षांची हन्ना आहे, आणि शेवटी बारा वर्षांचा एक मुलगा आहे. हा मुलगा यरुशलेमेच्या मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसला आहे. तो त्यांचे ऐकत आहे व त्यांस प्रश्न विचारीत आहे. गव्हाण आणि गुरुजनांची बैठक ही दोन्ही एकाच अध्यायात, एकाच लेखकाच्या हातून आली आहेत. ज्याच्या जन्माची वार्ता देवदूतांनी सांगितली तोही शिकावयास बसला, ही गोष्ट शाळा चालविणाऱ्यांनी, शाळेत लेकरे धाडणाऱ्यांनी व खेड्यात शब्बाथशाळा घेणाऱ्या उपदेशकांनी डिसेंबर महिन्यात तरी मनात वागविली पाहिजे.

आपल्या वाशीम प्रांतात शाळा व सेवा ही आरंभापासून हातात हात घालून चालली आहेत. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, आणि इंग्रजी अमदानीतले बासीम. 1905 साली ते अकोला जिल्ह्यात सामील झाले व 1 जुलै 1998 रोजी पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाले. येथे प्रथम मेथोडिस्ट मिशनऱ्यांनी श्रम केले, मागाहून ते क्षेत्र नाझरीन मंडळीकडे आले. 1938 साली येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उघडले. तेथे डॉक्टर ऑर्फा स्पायकर बाईंनी दीर्घकाळ सेवा केली, आणि त्या रुग्णालयासही परिचारिका शिकविण्याची शाळा जोडावी लागली. शिकविल्यावाचून दया फार काळ टिकत नाही, हे त्या लोकांस ठाऊक होते. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात जाऊन उपासमारीने गांजलेल्या मुली घेऊन आल्या. त्यांसही केडगावी आधी भाकर व पाठोपाठ अक्षर मिळाले. अशा मुळातून निघालेल्या कामाचे आपण वारस आहो. म्हणून आपल्या शाळांतील नाताळ कसा साजरा होतो याचा विचार करणे हे क्षुल्लक काम नव्हे.

आता शाळेत डिसेंबरात काय चालते ते पाहा. वर्गाच्या दारावर कागदी तारा लागतो. कोपऱ्यात गवताची गव्हाण मांडतात. असिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो गावी प्रथम जन्माचा देखावा मांडला, तेव्हापासून ही रीत जगभर पसरली असे मानितात. गीते पाठ होतात. त्यांतील सर्व जगास ठाऊक असलेले ‘शांत रात्री’चे गीत तर शाळामास्तरांचेच अपत्य आहे. त्याचे शब्द योसेफ मोर या धर्मगुरूने रचिले, पण चाल लाविली फ्रान्झ ग्रूबर नावाच्या खेड्यातील शिक्षकाने. 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी ते प्रथम गाइले गेले. खेड्यातील मास्तरांनी हे ध्यानात ठेवावे. मग येतो सांताक्लॉज, ज्यास आपल्याकडे नाताळबाबा म्हणतात. त्याच्या दाढीस आपल्या वऱ्हाडात दूर जावे लागत नाही, कापूस घरचाच असतो. या कापसाकडे मी पुढे वळणार आहे.

आणि नाटक तर होतेच. त्यात एक उतारशाळेचा मालक असतो. तो कमरेवर हात ठेवून मरीयेस व योसेफास घालवून देतो, व सारी मुले त्याच्यावर चिडतात. परंतु मुलांच्या हाती शुभवर्तमान देऊन त्यांस हा मालक शोधावयास सांगा. तो त्यांस सापडणार नाही. उतारशाळेत त्यांस जागा नव्हती, एवढेच लूक सांगतो. मालकाचे नाव, बोलणे, काही नाही. तसेच पूर्वेकडील ज्ञानी लोक तीन होते असे मत्तय कोठेही लिहीत नाही. देणग्या तीन होत्या, म्हणून माणसे तीन झाली. शिवाय ते गव्हाणीपाशी नव्हे, तर घरात आले असे तो लिहितो. नाटकात मालक घालू नये, असे माझे म्हणणे नाही. मुलांस तो प्रिय आहे, राहू द्यावा. पण शास्त्रात काय आहे व आपण काय जोडिले आहे, हा भेद दहा वर्षांच्या मुलास दाखविता येतो, आणि जो हा भेद पाहावयास शिकला तो पुढे गावच्या सावकाराचा कागदही नीट वाचून मगच अंगठ्याऐवजी सही करील.

कोणी म्हणतील, अशाने मुलांची श्रद्धा डळमळेल. मला तसे वाटत नाही. इतिहासाच्या तासाला हेरोद राजाचा विषय निघावा. तो इसवी सनापूर्वी 4 च्या सुमारास मेला असे बहुतेक विद्वान मानितात. मग त्याच्या कारकिर्दीत जन्मलेला ख्रिस्त इसवी सन 1 मध्ये कसा जन्मेल, असे एखादे चलाख पोर विचारील. त्यास दटावू नये. डायोनिसियस नावाच्या संन्याशाने इ.स. 525 च्या सुमारास ही कालगणना मांडिली, तेव्हा त्याचा हिशेब काही वर्षांनी चुकला, एवढेच सांगावे. 25 डिसेंबर ही तारीखही शुभवर्तमानात नाही. रोम शहरात त्या दिवशी हा सण पाळीत असल्याचा जुन्यात जुना दाखला इ.स. 336 चा आहे, तेही सांगावे. भूगोलाच्या तासाला नकाशावर नासरेथ व बेथलेहेम दाखवावे. वाशीमाहून अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर आहे. मरीयेची वाट त्याहूनही लांब होती, आणि ती दिवस भरलेली बाई होती. एवढे सांगताच वर्ग कसा गप्प होतो ते पाहावे. ज्ञानी लोकांनी कोणता तारा पाहिला, हे आज कोणी निश्चित सांगू शकत नाही. पण 21 डिसेंबर 2020 च्या सायंकाळी गुरू व शनी एकमेकांस जवळजवळ टेकलेले आपल्या शेतांतूनही दिसले होते. आकाश वाचणारी ती माणसे विद्येच्याच मार्गाने प्रभूपाशी आली. मेंढपाळांस देवदूतांनी सांगितले, पण विद्वानांस त्यांची विद्याच घेऊन आली. मग विद्येची भीती आपणच का बाळगावी?

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या शाळांतील पुष्कळ मुले हिंदू, बौद्ध व मुसलमान घरांतून येतात, कित्येक वर्गांत तर तीच अधिक असतात. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत, स्वतःच्या अथवा अज्ञान असल्यास पालकांच्या संमतीवाचून, कोणासही धर्मशिक्षणास किंवा उपासनेस बसविता येत नाही, असे भारतीय संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदात आहे. काही बांधवांस हे बंधन जाचते. मला ते शुभवर्तमानाच्या रीतीस अनुसरूनच वाटते. गव्हाणीपाशी कोणासही ओढून आणिले नव्हते. मेंढपाळ आपण होऊन धावत गेले. म्हणून पालकांस आधी विचारावे, मोकळ्या मनाने विचारावे, आणि जो नको म्हणेल त्याच्या मुलास तारा कापावयास, पडदा ओढावयास, पेटी वाजवावयास द्यावे, तेही नको असेल तर तोंड आंबट न करिता घरी जाऊ द्यावे. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात मुलींना शिकविण्याचा विचार दृढ झाला, व 1848 साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढिली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणून फॅरार बाईंचे श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल?

आता मी त्या कापसाकडे येतो, कारण खरे ओझे तेथे आहे.

नाताळाच्या दिवसांत आपल्या शिवारांत वेचणी चालू असते. तूर भरत असते, हरभऱ्याचे ओलीत असते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून जितके हात तितके बरे, आणि लहान बोटांस बोंडातून कापूस काढणे सोपे जाते. मानोऱ्याकडील व इतरत्र असलेल्या तांड्यांतून काही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस बाहेर पडतात, ती लेकरांसह जातात. अशा रीतीने ज्या महिन्यात शाळेत सर्वांत अधिक आनंद असतो, त्याच महिन्यात सर्वांत गरीब मुलांची जागा रिकामी असते. वर्गात जी दाढी नाताळबाबास लाविली जाते, तिचा कापूस कदाचित त्या वर्गातील गैरहजर मुलीने वेचिलेला असतो. बांधवहो, हा दृष्टांत नव्हे, हजेरीपुस्तकात पाहावे.

आणि जी मुले येतात त्यांतही नाटकाच्या वेळी एक विभागणी होते. देवदूतास पांढरा झगा पाहिजे, पंख पाहिजेत. ते शिवावयास पैसे पाहिजेत. ज्याची आई ते आणू शकते तो देवदूत होतो. ज्याची आणू शकत नाही तो मेंढरू होतो, किंवा मागे उभा राहून गातो. आता मी म्हटलेली राहून गेलेली वचने पाहा. मरीया व योसेफ यांनी मंदिरात कोणते अर्पण नेले? लेवीयाच्या नियमाप्रमाणे कोकरू न्यावयाचे, आणि ज्याची ऐपत नसेल त्याने पारव्यांची किंवा होल्यांची जोडी न्यावयाची. लूक पक्ष्यांचाच उल्लेख करितो. म्हणजे प्रभूच्या आईजवळ कोकरापुरते पैसे नव्हते. आज ती आपल्या शाळेत आली असती, तर झग्याचे पैसे तिला भरता आले नसते, आणि तिच्या मुलास त्याच्याच जन्माच्या नाटकात मागे उभे राहावे लागले असते.

याहून मोठी गोष्ट प्रवेशाची. 6 ते 14 वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा 2009 साली झाला व 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यात विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बळ घरच्या मुलांस द्याव्या, असे आहे. परंतु 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाही असा निर्णय दिला. 2025 साली त्याच न्यायालयातील एका पीठाने त्या निर्णयाविषयी शंका काढून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे पाठविला आहे. शेवटी काय ठरेल ते ठरो. आपल्या संस्थांचे स्वातंत्र्य राखले पाहिजे, हे मला मान्य आहे. पण हे स्वातंत्र्य कशासाठी मागितले, हे आपणच आपणांस विचारावयाचे आहे. गरिबाच्या मुलासाठी जागा ठेवण्याची सक्ती इतरांवर असावी आणि आपणांवर नसावी, आणि मग आपण ती जागा आपखुषीनेही ठेवू नये, तर दरवर्षी नाटकात त्या बिचाऱ्या मालकावर मुले चिडतात ते कोणत्या तोंडाने पाहावे? त्याच्याजवळ तर निदान खरोखरच जागा नव्हती.

पैसे कोठून आणावे, असा प्रश्न येईलच, आणि तो खोटा नाही. शिक्षकांचे पगार भागत नाहीत अशा शाळा मी जाणतो. तरी नाताळाच्या खर्चात हात घालता येतो. विजेच्या माळा, भाड्याचा मंडप, मोठा कर्णा, पाहुण्यांस शाली व नारळ यांतून वाचेल तेवढे बाजूस काढावे, मग ते दोन मुलांच्या फीपुरते असो वा एकाच्या. झगे शाळेने शिवून ठेवावे व दरवर्षी तेच वापरावे. कोणी कोणते सोंग घ्यावयाचे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. वेचणीस गेलेल्या मुलांसाठी कार्यक्रम दुपारी न ठेविता दिवेलागणीनंतर ठेवावा, म्हणजे ती शेतातून परत येऊन हातपाय धुऊन बसू शकतील.

उपदेशकांस व बायबलबाईंस माझी विशेष विनंती आहे. तुमच्या खेड्यात मोठी शाळा नसेल, पण समाजमंदिराचा किंवा एखाद्याचा ओटा आहे. 26 डिसेंबरापासून शाळा पुन्हा नीट सुरू होईपर्यंत रोज सायंकाळी तासभर मुलांस जमवावे व एकविसाव्या वचनापासून पुढे वाचावयास लावावे. वाचणारा अडखळला तर थांबावे. आईबाप तीन दिवस शोधीत होते तेव्हा त्यांस काय वाटले असेल, तो मुलगा कोठे निजला, काय जेवला, असे प्रश्न मुले विचारतील, कारण हरवलेल्या मुलाची गोष्ट त्यांस लगेच कळते. ज्या प्रश्नास उत्तर येत नसेल तेथे येत नाही असे म्हणावे. मंदिरातील त्या पंडितांनीही बारा वर्षांच्या पोरास घालवून दिले नाही, त्याचे प्रश्न ऐकून घेतले, ही त्यांची थोरवी लूकाने लिहून ठेविली आहे.

आणि त्या ओट्यावर कोण आले नाही, याची वही ठेवावी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन शाळेच्या हेडमास्तरांकडे किंवा पाळकांकडे जावे, व नावे वाचून दाखवावी. ज्या घरची मुले ऊसतोडीस गेली असतील त्यांच्या आजीआजोबांस ती कोठल्या कारखान्याकडे गेली ते विचारून नावापुढे लिहावे, म्हणजे ती परत येतील तेव्हा त्यांची जागा कोणती ते त्यांस शोधावे लागणार नाही.