बसलं म्हणजे जुळलं नव्हे

॥ श्री गुरवे नमः ॥



या आठवड्याचं निरूपण लिहायची सेवा माझ्याकडे आली आहे. पोथीतलं सांगायला माझ्याहून अधिकारी मंडळी आपल्यात आहेत, म्हणून घरात घडलेलंच सांगते.

धाकट्याने सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला. गुरुवारची आरती आटोपून मी प्रसाद वाटत होते. त्याने बटण दाबलं आणि आतून 'टप्' आवाज, धुराची रेघ, जळका वास! तो म्हणाला, "परत एकदा चालू करून बघतो." हे ओरडले, "हात लावू नकोस! आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग प्लग काढ."

माझ्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. त्यात जुनी हार्ड डिस्क बसवली होती आणि तिच्यात मामंजींच्या आवाजातलं गुरुचरित्राचं निरूपण होतं. मूळ कॅसेटी बुरशी लागून गेल्या. दुसरी प्रत? "करू निवांत" म्हणत राहिलो.

मुलाचं पहिलं वाक्य होतं, "दुकानदाराने खराब माल दिला." दुसऱ्या दिवशी मात्र तो शांतपणे एकेक भाग सुटा करून बसला. डिस्कच्या सर्किटवर काळा डाग दिसला. मग वायर तपासली. पॉवर सप्लाय नवा, पण वायर जुन्या पॉवर सप्लायची, लांब पडते म्हणून घेतलेली. ती नव्यात अगदी चपखल बसली होती! डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखंच असतं. पण पॉवर सप्लायकडच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचाही, वेगळा असू शकतो. दोन्ही वायरी बाहेर काढून त्याने मीटरने पिना ताडून पाहिल्या. जिथे 5 व्होल्ट जायचे, तिथे 12 गेले होते. पॉवर सप्लायचा डबा मात्र त्याने उघडला नाही. प्लग काढल्यावरही आत जीवघेणी वीज साठून राहू शकते.

संध्याकाळी येऊन म्हणाला, "आई, दुकानदाराची नाही, चूक माझी आहे." मंडळी, सगळ्या दुरुस्तीत ही पायरी सर्वांत अवघड.

डिस्क दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, सर्किटवर एक इवलासा डायोड असतो. दाब वाढला की तो सगळा भार स्वतःवर घेतो, स्वतः जळतो आणि बाकीचं वाचवतो. पुन्हा चालू करत बसला असतात तर तेही वाचलं नसतं. त्याने तो डायोड काढला, योग्य वीज दिली आणि आधी सगळ्याची प्रत करून घेतली. घरी येऊन ऐकलं, तर मामंजींचा आवाज, मधला खोकलासुद्धा! हे उठून देवघरात गेले, बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आपला जप, पारायण, सेवा, बाहेरचं टोक सगळ्यांचं सारखंच दिसतं. पण आतलं टोक कुठे जोडलंय? नामाला की 'मी किती करते' याला? माळ हातात नीट बसली म्हणजे मन गुरुचरणी जुळलं असं नाही.

घरात कडू शब्दाचा वास आला की आपण तरी काय करतो? आपलंच खरं ठरवायला पुन्हा तेच बटण दाबतो. आधी बंद करावं. मग शोधावं. आणि शोध स्वतःपासून सुरू करावा.

प्रत्येक घरात तो डायोडही असतो. कुणीतरी गुपचूप सगळ्यांचा ताप स्वतःवर घेत असतं. त्याची आठवण तो जळाल्यावर नको. आज त्याच्याजवळ पाच मिनिटं बसा.

आणि हो, वडीलधाऱ्यांच्या आवाजाची दुसरी प्रत याच आठवड्यात करा. निवांत वेळ कधीच येत नसतो.

गुरुमाऊलीच्या चरणी शब्दसेवा अर्पण.
— एक सेवेकरी भगिनी, इंदूर